आमच्या घरांतील बंदुका आणि त्यांची बदलती घडण

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत वंशावळी, कर्तबगार ज्ञातिबांधवांची चरित्रे व विवाहयोग्य मुलामुलींची माहिती वाचण्याची सवय असलेल्या वाचकांस बंदुकीवरील लेख पाहून नवल वाटेल. परंतु या भागातील जुन्या मालगुजार घराण्यांच्या ओसरीवर ज्या दोन वस्तू हमखास असत, त्यांपैकी एक म्हणजे धान मोजण्याची पायली व दुसरी खुंटीवरची बंदूक. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी गेली, पायलीच्या जागी किलो आले, बंदूक मात्र कित्येक घरांत टिकली. तिच्या घडणीत जे फेरफार होत गेले, त्यांविषयी मालकांच्या मनात आवड आणि नाराजी यांची जी सरमिसळ दिसते, तिचा थोडा इतिहास येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही स्वतः जन्मभर खडूखेरीज काही हाती धरले नाही; तथापि आमचे बालपण एका बंदुकीच्या खुंटीखाली गेले.

कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल यांनी १८१८ साली इंग्रजांविरुद्ध उठाव केला, त्या काळी आपल्या मुलखात तोड्याची बंदूक चाले. पेटत्या वातीने दारूस बत्ती द्यावयाची, ही तिची रीत. वैनगंगेच्या खोऱ्यातील पावसात ती वात किती वेळा विझत असेल हे शेतकऱ्यास सांगावयास नको. युरोपात तोवर चकमकीच्या बंदुकीस शतकाहून अधिक काळ लोटला होता; पण आपल्याकडील नेमबाजांनी ती सरसकट उचलली नाही. याचे कारण केवळ अज्ञान नव्हे. चकमकीस उत्तम पोलादाची कमान लागते आणि गार आपटताच बंदुकीस हिसका बसून नेम हलतो. तोड्याची बंदूक शांतपणे पेट घेते. नवी वस्तू नाकारणाऱ्यास आपण पटकन मागासलेला म्हणतो, म्हणून एवढे मुद्दाम नमूद केले.

पुढची सुधारणा एका धर्मोपदेशकाने केली. अलेक्झांडर फॉर्सिथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्यास पक्ष्यांच्या शिकारीचा छंद होता. चकमकीचा भडका पाहून बार निघण्यापूर्वीच पक्षी उडून जात. त्याने आघाताने पेटणाऱ्या स्फोटक द्रव्याचा उपयोग शोधून १८०७ साली त्याचा हक्क नोंदविला, आणि त्यातूनच पुढे तांब्याच्या टोपीची बंदूक आली. ओल्या हवेत हमखास उडणारी ही बंदूक आपल्या धानपट्ट्यास वरदानच ठरली. मात्र तिने एक परावलंबनही आणले. तोडा घरी वळता येई, दारू गावात कुटता येई. टोपी मात्र दुकानातूनच आणावी लागे. त्यातच लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीतील १८७८ च्या हत्यार कायद्याने बंदूक, दारू व टोपी या सर्वांवर परवान्याचे कुलूप घातले. तरीही दुरुस्ती गावातच राहिली. कमान तुटली, घोडा सैल झाला, टोपी बसविण्याची बोंडी झिजली, की गावचा लोहार कानस घेऊन बसे आणि दुपारपर्यंत बंदूक पुन्हा खुंटीवर चढे. ठासणीच्या बंदुकीविषयी जुनी माणसे अजून हळवी होतात, त्याचे निम्मे कारण हा लोहार आहे असे आमचे मत आहे.

आमच्या घरची बंदूक याच जातीची, एका नळीची. १९६६ च्या कार्तिकात, आम्ही सात-आठ वर्षांचे असताना, बांध्यांतील धान लोंब्यांनी वाकले होते आणि रानडुकरांचे कळप रात्री उतरत होते. आमचे मोठे बाबा राखणीस मचाणावर जात. एका पहाटे परत येऊन त्यांनी भरलेली बंदूक पडवीच्या खांबास टेकवून ठेवली व ते पाय धुण्यास बसले. बंदूक घसरली, दगडी पायरीवर घोडा आपटला व बार झाला. मोठ्या बाबांच्या डाव्या पायाची दोन बोटे गेली. त्या वेळी ओसरीवर दूध पीत बसलेली आमची धाकटी बहीण दोन हातांच्या अंतराने वाचली. घरात आरडाओरड झाली. मोठे बाबा मात्र एवढेच म्हणत राहिले की घोडा अर्ध्यावर ठेवण्यास आपण विसरलो. वाचकांस सांगितले पाहिजे की या बंदुकीचा घोडा पूर्ण खाली असला म्हणजे तो थेट टोपीवर टेकतो आणि धक्का बसताच बार उडतो. म्हणून तो अर्धा ओढून एका खाचेत अडकवून ठेवावयाचा असतो. त्या खाचेवर सारी सुरक्षितता अवलंबून.

इतके होऊनही त्यांचा जुन्या घडणीवरचा जीव उडाला नाही. आम्ही अकरावीची मॅट्रिक झालो त्याच सुमारास ते बारा बोअरची दुनळी घेण्यास नागपुरास गेले. आम्हांसही बरोबर नेले. विक्रेत्याने प्रथम बिनघोड्याची बंदूक पुढे केली. अ‍ॅन्सन व डीली या दोघा इंग्रज कारागिरांनी १८७५ साली घोडे पेटीच्या आत दडविण्याची जी युक्ती काढली, तिच्यावर जगातील बहुतेक दुनळ्या आज चालतात. मोठ्या बाबांनी ती हातात घेतली, फिरवून पाहिली व परत दिली. त्यांचे म्हणणे असे की, घोडा दिसतो तेव्हा बंदूक निजली आहे की जागी आहे हे अंधारातही अंगठ्यास कळते. घोडा आत गेला की मालकाने केवळ विश्वास ठेवावयाचा. त्यांनी बाहेर घोडे असलेली जुनी दुनळीच घेतली. लंगडत दुकानाच्या पायऱ्या उतरणारा तो माणूस पाहून आम्हांस तेव्हा हसू आले होते. आज येत नाही, कारण त्यांच्या बोलण्यात तथ्य होते.

हाच वाद रिव्हॉल्व्हरच्या इतिहासात अधिक ठसठशीत दिसतो. आपल्याकडे जुनी मंडळी त्यास सहाबारी म्हणत. सॅम्युएल कोल्ट या अमेरिकन गृहस्थाने १८३६ साली फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचा हक्क अमेरिकेत नोंदविला. त्याच्याच कंपनीची १८७३ ची सहाबारी जगभर नावाजली. पण तिच्यातही आमच्या ठासणीचाच दोष होता. घोडा काडतुसावर टेके, म्हणून जाणते लोक सहा घरांत पाचच काडतुसे भरीत व घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. अमेरिकेतील रूगर कंपनीने त्याच धर्तीची हत्यारे काढली आणि १९७३ साली त्यांत एक सपाट पट्टी बसविली. चाप ओढलेला असेल तरच ती पट्टी घोडा व टाचणी यांच्यामध्ये येते. एरवी हत्यार दगडावर पडले तरी घोड्याचा घाव टाचणीपर्यंत पोचत नाही. सहाही घरे निर्धास्त भरता येऊ लागली. मालकांनी मात्र तक्रार केली की घोडा ओढताना होणारे ते जुने टक-टक आवाज गेले आणि चाप पूर्वीसारखा हलका राहिला नाही. कंपनी जुन्या हत्यारांत ही पट्टी विनामूल्य बसवून देते व काढलेले जुने भाग मालकास परत पाठविते. तरीही अनेकजण हत्यार पाठवीत नाहीत. मोठे बाबा अमेरिकेत जन्मले असते तर त्यांनीही पाठविले नसते, याविषयी आम्हांस शंका नाही.

सर्वच बदल मालकाच्या हिताचे असतात असेही नव्हे. १९३८ साली इंग्रज सैन्याच्या एन्फिल्ड रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचे शेपूट कापण्यात आले, कारण रणगाड्यातून चढता-उतरता ते अडके. अडकणे थांबले, पण अंगठ्याने घोडा ओढून शांतपणे नेम धरण्याची सोयही गेली आणि प्रत्येक बारास जड चाप ओढणे शिपायाच्या नशिबी आले. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने २००१ च्या सुमारास हत्याराच्या डाव्या बाजूस किल्लीने लागणारे बारीक कुलूप बसविले. त्यामागे सरकारशी झालेल्या कराराचे व मालकी बदलल्याचे राजकारण होते, म्हणून ते भोक तेथील मालकांच्या डोळ्यांत आजतागायत सलते. घरात लहान मुले असलेला गृहस्थ त्या कुलपास नावे ठेवणार नाही. एकटा राहणारा मनुष्य म्हणेल की संकटाच्या वेळी किल्ली शोधू कोठे? दोघांचेही चूक नाही. अलीकडे त्या कंपनीने काही नमुने पुन्हा कुलपाविना काढले आहेत.

आपल्या देशात या बाबतीत कारागिराहून कायद्याचाच हात मोठा. इंग्रजांनी १८८७ साली सैन्यात घेतलेले वेब्ली रिव्हॉल्व्हर कंबरेत मोडून उघडे व सहाही रिकामी काडतुसे एकदम बाहेर फेकी. परंतु सैन्याच्या मापाची हत्यारे सामान्य नागरिकास निषिद्ध, म्हणून आपल्याकडे लहान, पॉइंट बत्तीस मापच रूढ झाले. १९८० नंतरच्या दशकात खाजगी आयात बंद झाल्यावर जुन्या विलायती वेब्लीची किंमत लाखांच्या घरात गेली, आणि कानपूरच्या सरकारी कारखान्याने वेब्लीच्याच धर्तीवर केलेले रिव्हॉल्व्हर बहुतेकांच्या वाट्यास आले. मोठ्या बाबांचे चिरंजीव, आमचे थोरले दादा, भात-गिरणीची रोकड घेऊन गोंदियाहून रात्री-अपरात्री परतत. त्यांनी २००३ साली असेच एक घेतले. त्यांचे त्यावरचे प्रेम आणि कुरकूर आम्ही सारख्याच प्रमाणात ऐकली आहे. उघडण्याची रीत त्यांस आवडे. पण चाप जड आणि सांधा कालांतराने खिळखिळा होईल ही धास्ती कायम.

२०१४ साली कानपूरहूनच स्त्रियांसाठी म्हणून निर्भीक नावाचे हलक्या मिश्रधातूचे रिव्हॉल्व्हर निघाले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. ज्या सामान्य स्त्रीस संरक्षणाची गरज, तिला ती किंमत परवडणार कशी, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला व तो रास्त होता. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तेथूनच प्रबळ नावाचे रिव्हॉल्व्हर आले. ते कंबरेत मोडत नाही. चक्र बाजूस झुलून बाहेर येते, त्यामुळे चौकट अखंड व मजबूत राहते. दादांच्या मुलास ते नावीन्य वाटले. आम्ही त्यास सांगितले की अशी झुलती चक्रे कोल्ट कंपनीने १८८९ सालीच बाजारात आणली होती. दादांनी मात्र जाहिरात पाहून मान हलविली. ज्या हालचालीची हातास वीस वर्षे सवय झाली ती संकटाच्या क्षणी बदलत नाही, हा त्यांचा आक्षेप. आणि मजबुतीच्या बाबतीत मुलगाच बरोबर आहे हेही ते कबूल करीत.

आता मूळ प्रसंगाकडे येतो. मोठे बाबा २००४ साली वारले आणि त्यांच्या दोन्ही बंदुका वारसाहक्काने दादांच्या परवान्यावर चढल्या. रिव्हॉल्व्हर धरून तीन झाल्या. कायद्याची मर्यादाही तेव्हा तीनच होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती दोनांवर आली व जादा हत्यार वर्षभरात जमा करण्याचे बंधन आले. कोणते द्यावे? घरात बैठक बसली. मुलगा म्हणे, ठासणीची द्या, ती आता लोखंड आहे. आम्ही दाखवून दिले की १९५९ चा हत्यार कायदा पीकरक्षणासाठी नेमक्या ठासणीच्या बंदुकीचे नाव घेतो. नवी हत्यारे मागणाऱ्या या काळात कायद्याने सर्वांत जुनी घडणच जिवंत ठेवली आहे, आणि रानडुकरे काही कमी झालेली नाहीत. वहिनींनी मात्र एकच वाक्य उच्चारले: ज्या बंदुकीने मामंजींचा पाय घेतला ती या घरात नको. प्रश्न तेथे मिटला.

२०२० च्या दिवाळीनंतर, तोंडास मुखपट्टी बांधून, दादा आणि आम्ही ती बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे घेऊन गेलो. त्याचा वृद्ध मिस्त्री ती तपासू लागला. नळीत गज घालून ती रिकामी असल्याची खात्री केली, मग घोडा अर्ध्यावर ओढून सोडला. घोडा अडकला नाही. सरळ खाली येऊन आपटला. त्याने पुन्हा ओढला, पुन्हा तेच. त्याने कुलपाची पट्टी उघडून आम्हांस खाच दाखविली. ती झिजलेली नव्हती. कोणीतरी कानशीने घासून गुळगुळीत केली होती, आणि घासलेल्या जागेवर जुना काळपट गंज धरला होता. हे काम फार वर्षांपूर्वीचे, तो म्हणाला; घोडा सहज ओढला जावा म्हणून गावचे लोहार असे करीत.

मोठे बाबा अडतीस वर्षे म्हणत आले होते की घोडा अर्ध्यावर ठेवण्यास आपण विसरलो.

मिस्त्रीने पावतीवर एक नळी, ठासणीची, घोडा सदोष असे लिहून सही केली. दादांनी ती दोनदा वाचली, घडी घालून वरच्या खिशात ठेवली, आणि बसस्थानकापर्यंत ते आमच्याशी एक शब्दही बोलले नाहीत.