वाळूच्या बांधाचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार म्हणजे काय, हे कोकणातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. कौले फुटली, वासे कुजले की गावकरी एकत्र जमतात, वर्गणी काढतात, आणि वाडवडिलांनी उभारलेली वास्तू पुढील पिढीच्या हाती धड स्थितीत सोपवितात. परंतु किनाऱ्यावरील गावांत आणखी एक वास्तू अशी आहे की, जी देवळाहूनही जुनी असून तिच्या पडझडीची नोंद सहसा कोणी घेत नाही. ती वास्तू म्हणजे पुळणीच्या माथ्यावरील वाळूचा बांध होय.

हा बांध कोणा गवंड्याने रचलेला नाही. वारा वाळू उडवितो, मर्यादवेल व काटेरी गवत ती अडवून धरतात, आणि वर्षानुवर्षे थरावर थर चढून टेकडी तयार होते. मर्यादवेल हे नावच बोलके आहे. समुद्राची मर्यादा येथवर, असे जणू ती वेल सांगते. वेलीच्या मागे निगडी, केवडा, उंडी अशी झाडी आणि त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या, हा जुना क्रम होता. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा बांधाची वाळू ओढून नेतात. ती वाळू थोड्या अंतरावर पाण्याखाली साचून लाटांचा जोर मोडते आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की हळूहळू परत किनाऱ्याला लागते. म्हणजे बांध हा समुद्राला दिलेला उसना ऐवज आहे. शिवाय पावसाचे गोडे पाणी तो पोटात साठवितो, म्हणून समुद्रापासून हाकेच्या अंतरावरील विहिरीही गोड्या राहतात. बांध गेला की विहीर मचूळ होण्याची भीती असते.

वाळूच्या टेकडीत इतिहासही दडलेला असतो. दापोली तालुक्यातील केळशी येथे भारजा नदीच्या मुखाशी वाळूची मोठी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञ डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा तिच्यात जुन्या वस्तीच्या खुणा आढळल्या. १५२४ साली वास्को द गामाच्या तांड्याला दाभोळनजीक समुद्रात भूकंपाचे धक्के बसल्याची नोंद आहे. त्याच वेळी उसळलेल्या प्रचंड लाटेशी या टेकडीचा संबंध असावा, असे मत डॉ. मराठे यांनी मांडले. मत ग्राह्य धरावे किंवा न धरावे, एवढे मात्र खरे की, अशी टेकडी खणून नेणे म्हणजे गावाचे जुने दप्तर फाडून टाकणे होय.

जमाबंदीच्या दृष्टीने अशी जमीन म्हणजे निव्वळ पड. तिच्यावर पीक नाही, म्हणून तिची कोणाला किंमत नाही. घरबांधणी वाढली तशी वाळूला मात्र किंमत आली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम ४८ अन्वये विनापरवाना वाळू उचलणाऱ्यास दंडाची तरतूद आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने वाळूच्या टेकड्या सपाट करण्यास किंवा त्यांत फेरफार करण्यास मनाई केली. २०११ व २०१९ च्या अधिसूचनांनी त्यांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात घातले. गोव्यासाठी तर २०११ च्या अधिसूचनेत टेकड्यांची मोजणी करून नकाशे करण्याचे व त्यांवर कोणतेही काम होऊ न देण्याचे स्वतंत्र कलम आले, आणि मांद्रे, मोरजी, आगोंद व गालजीबाग या कासवांच्या किनाऱ्यांचा नामनिर्देश झाला. परंतु कायद्याला डोळे गावाचेच लागतात. रात्री पुळणीवर गाडी उतरली, हे प्रथम गावालाच कळते.

या दृष्टीने मंडणगड तालुक्यातील वेळास गावाचे उदाहरण मनन करण्याजोगे आहे. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. येथील पुळणीवर भरतीरेषेच्या वर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा असूनही ही अंडी काढून नेली जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तेथे काम आरंभिले. गावातील माणसेच पहाटे पुळणीवर फिरून घरटी शोधू लागली. अंडी कुंपणात सुरक्षित पुरावी, सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले निघाली की समुद्रात सोडावी, असा परिपाठ पडला. वनखात्याने साहाय्य केले. पुढे पिल्ले पाहण्यास पाहुणे येऊ लागले, घरोघरी त्यांची सोय झाली आणि पुळण राखण्यात गावाचा रोजगार गुंतला. कासवाला मोकळी, न खणलेली पुळण लागते. म्हणून कासव राखताना वाळूही राखली जाते.

चांगल्या हेतूने केलेल्या कामातही चूक राहू शकते. वाळू धरावी म्हणून किनाऱ्यावर ठिकठिकाणी सुरूची लागवड झाली. सुरू वारा अडवितो हे खरे. परंतु त्याच्या दाट पाल्याखाली मर्यादवेल व गवत तग धरत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले, तेव्हा सुरूची बने आडवी झाली आणि वाड्यांचीही धूळधाण उडाली. एकाच झाडावर भिस्त ठेवणे किती जोखमीचे, हे त्या दिवशी दिसले. बांध काढून टाकण्याचे फळ त्याहून कडू असते. श्रीलंकेत याला अभयारण्यालगतच्या एका विश्रामगृहाने समुद्र नीट दिसावा म्हणून पुढील टेकडीचा भाग काढला होता. २६ डिसेंबर २००४ च्या लाटेत ते विश्रामगृह उद्ध्वस्त झाले.

मोडलेला बांध पुन्हा उभा करता येतो, आणि त्यास मोठा खर्च नाही. वाऱ्याच्या आडव्या दिशेने नारळाच्या झावळ्यांचे कूड उभारावे. वाळू आपोआप त्यांच्या आडोशास साचते. पाऊस लागला की मर्यादवेलीची कांडे लावावी, गवत रुजू द्यावे, मागील अंगास निगडी, केवडा व उंडी लावावी. जाण्यायेण्याची वाट एकच ठेवावी. गुरे व गाड्या वर चढू देऊ नयेत. मग दोन-चार पावसाळे धीर धरावा.

देवळाचा कळस एका दिवशी चढतो. वाळूचा बांध मात्र कणाकणाने वाढतो. त्याला ना वास्तुशांत, ना उद्घाटन. तरीही देऊळ, वाडी आणि विहीर ही तिन्ही त्याच्या आडोशाला उभी आहेत, याचे स्मरण किनाऱ्यावरील प्रत्येक गावाने ठेवावे. देवळाच्या वर्गणीची पावती फाडताना मर्यादवेलीचे एक कांडे पुळणीवर लावले, तर जीर्णोद्धाराचे कार्य खऱ्या अर्थाने पूर्णत्वास जाईल.