श्रम, उपचार आणि पदव्युत्तर अभ्यास : महाराष्ट्रातील व्यवसायोपचार शिक्षणाची वाटचाल (परळ ते कोपरी)

प्रस्तावना

आधुनिक वैद्यकाच्या इतिहासात शस्त्रक्रिया, लसीकरण, प्रतिजैविके यांच्याविषयी विपुल लेखन झाले आहे. रुग्ण बरा झाल्यानंतर घरी जाऊन काय करतो, या प्रश्नाभोवती उभ्या राहिलेल्या विद्याशाखांकडे मात्र मराठीत फारसे लक्ष गेलेले नाही. व्यवसायोपचार ही अशीच एक विद्याशाखा होय. 'व्यवसाय' या शब्दाचा रूढ मराठी अर्थ उपजीविका किंवा धंदा असा असल्याने या शास्त्राविषयी आरंभापासूनच गैरसमज होत आला. संस्कृतात हाच शब्द निश्चय आणि उद्यम या अर्थांनीही येतो, आणि तोच अर्थ येथे अधिक जवळचा आहे. स्नान करणे, लुगडे नेसणे, लिहिणे, खेळणे, स्वयंपाक करणे, नोकरीवर जाणे या सर्व अर्थपूर्ण कृती म्हणजे 'व्यवसाय'. त्या पुन्हा करता याव्यात यासाठी कृतींच्याच माध्यमातून केलेला उपचार म्हणजे व्यवसायोपचार. प्रस्तुत लेखात या विषयाच्या शिक्षणाची महाराष्ट्रातील वाटचाल आणि पदव्युत्तर अभ्यासापुढील एक मूलभूत प्रश्न यांचा विचार केला आहे.

वैचारिक पूर्वपीठिका

मनोरुग्णाला साखळदंडात न ठेवता सन्मानाने वागवावे आणि त्याला कामात गुंतवावे, हा विचार इंग्लंडमध्ये क्वेकर पंथीयांनी प्रत्यक्षात आणला. विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने यॉर्क येथे १७९६ मध्ये सुरू झालेले 'रिट्रीट' हे त्याचे ठळक उदाहरण होय. पुढे अमेरिकेत १९१७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. जॉर्ज बार्टन, विल्यम रश डंटन, एलेनॉर क्लार्क स्लेगल ही त्या संस्थेच्या संस्थापकांपैकी प्रमुख नावे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनामुळे या शास्त्राला मान्यता मिळाली. मनोरुग्णालय आणि युद्ध या दोन्ही क्षेत्रांतून आल्यामुळे मन व शरीर यांची फारकत न करणे हा त्याचा स्वभावच बनला.

कमलाबाई निंबकर यांचे कार्य

हा विचार भारतात शिक्षणाच्या रूपाने रुजविण्याचे श्रेय कमला विष्णु निंबकर यांच्याकडे जाते. मूळच्या अमेरिकन व क्वेकर कुटुंबातील एलिझाबेथ लुंडी या विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून भारतात आल्या आणि कमलाबाई झाल्या. शिक्षणक्षेत्रात काही काळ काम केल्यानंतर त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले. परत आल्यावर १९५० मध्ये परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. हे भारतातील पहिले विद्यालय होय. ट्यूक यांचा पंथ आणि कमलाबाईंचे माहेर एकच असावे, हा योगायोग विचारांच्या प्रवासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

त्या काळाची निकड स्पष्ट होती. पोलिओने अधू झालेली मुले, कुष्ठरोगाने बोटांची पकड गमावलेले रुग्ण आणि अपघातात हातपाय गमावलेले कामगार यांची सोय रुग्णालयातील खाटेपुरत्या विचाराने होणार नव्हती. १९५२ मध्ये अखिल भारतीय व्यवसायोपचारतज्ज्ञ संघटना स्थापन झाली व कमलाबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी लिव्हरपूल येथील बैठकीतून जागतिक महासंघाची पायाभरणी झाली. त्याच्या दहा संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने, अवघे एक विद्यालय हाताशी असताना, हे स्थान मिळवले. १९५५ मध्ये मुंबईत हाजीअली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. १९५८ मध्ये नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे विद्यालय सुरू झाले आणि हे शिक्षण मुंबईबाहेर पोहोचले.

पदविकेकडून पदव्युत्तर अभ्यासाकडे

प्रारंभीचे शिक्षण पदविकेच्या स्वरूपाचे होते. पुढे ते पदवीचे व त्यानंतर पदव्युत्तर पातळीचे झाले. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाल्यावर राज्यातील हे अभ्यासक्रम एका छत्राखाली आले. पदवीसाठी चार वर्षे व सहा महिन्यांची आंतरवासिता, त्यानंतर प्रबंधासह पदव्युत्तर पदवी, अशी रचना स्थिरावली. अस्थिस्नायू, मज्जासंस्था, बालविकास, मानसिक आरोग्य असे विशेष अभ्यासही आकाराला आले. व्यवसायाच्या नियमनासाठी राज्याने २००२ च्या अधिनियमान्वये व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची तरतूद केली. केंद्रीय पातळीवर मात्र त्यासाठी २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमापर्यंत वाट पाहावी लागली. पहिल्या विद्यालयानंतर ७१ वर्षांनी आलेला हा कायदा या व्यवसायाच्या दीर्घ उपेक्षेचेच द्योतक होय.

ठाण्याचा संदर्भ : श्रम की उपचार?

या इतिहासात ठाणे शहराचे स्थान वेगळे आहे. १९०१ मध्ये स्थापन झालेले येथील मनोरुग्णालय हे राज्यातील चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आहे. १९१२ च्या वेडेपणाविषयक कायद्याच्या चौकटीत अशा संस्थांचा भर बंदोबस्तावर होता. रुग्णांनी शेती, विणकाम, सुतारकाम करावे अशी पद्धत वसाहतकालीन मनोरुग्णालयांत सर्वत्र आढळते. परंतु ते काम रुग्णाच्या हितासाठी होते की संस्थेचा खर्च भागविण्यासाठी, हे सांगणे अनेकदा कठीण असते. बाहेरून दोन्ही दृश्ये सारखीच दिसतात. मागावर बसलेला माणूस उपचार घेत असेल किंवा राबवला जात असेल.

भेद करणारी गोष्ट म्हणजे हेतू, निवड आणि नोंद. हे काम याच रुग्णाला का दिले, ते त्याने स्वीकारले काय, आणि त्यामुळे त्याच्या क्षमतेत कोणता फरक पडला, हे प्रश्न विचारणारी प्रशिक्षित व्यक्ती तेथे असेल तरच श्रमाचा उपचार होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने या प्रश्नाला कायदेशीर रूप दिले. रुग्णावर कामाची सक्ती करता येणार नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला त्याला मिळाला पाहिजे, अशी तरतूद या कायद्यात आहे. समाजाधारित पुनर्वसनाचा आणि निवासाच्या पर्यायी सोयींचाही त्यात समावेश आहे. म्हणजेच उपचाराची जागा आता रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, वस्तीत सरकली आहे.

कोपरीचे घर आणि परदेशी मोजपट्टी

ठाणे स्थानकाच्या पूर्वेस, खाडीच्या बाजूला वसलेली कोपरी ही अशीच एक वस्ती. जुने गाव, शेजारचा कोळीवाडा, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वसाहत आणि अलीकडच्या इमारती यांनी ती बनली आहे. पक्षाघातातून सावरलेल्या येथील माणसाला 'स्वावलंबी' केव्हा म्हणावे? जमिनीवर मांडी घालून बसता येणे, उजव्या हाताने भात कालवून घास घेता येणे, पाटावरून उठणे, स्थानकाचा पूल चढून लोकलमध्ये शिरणे, ही त्याच्या स्वावलंबनाची खरी कसोटी आहे. मूल्यमापनाच्या प्रचलित चाचण्यांपैकी बऱ्याच पाश्चात्त्य देशांत तयार झाल्या. तेथे खुर्ची, टेबल, काटा-चमचा गृहीत धरलेला असतो. अशा चाचणीत पूर्ण गुण मिळवलेला रुग्णही कोपरीच्या घरात परावलंबी ठरू शकतो.

पदव्युत्तर अभ्यासाची खरी गरज येथे आहे. पदवीधर उपलब्ध साधन वापरण्यास शिकतो. ते साधन या समाजाला लागू पडते काय, हे तपासणे आणि नसल्यास नवे घडविणे हे पदव्युत्तर प्रबंधाचे काम आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ७ प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती. २०१६ च्या कायद्यात ती संख्या २१ झाली. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता यांसारख्या अवस्था त्यात आल्याने शाळेचा वर्ग आणि घर ही संशोधनाची नवी क्षेत्रे झाली आहेत. तेथील भाषा मराठी, सिंधी, हिंदी अशी आहे, तर प्रबंधांची इंग्रजी. ज्या मातेने मुलाचा सराव घरी करून घ्यायचा, तिच्यापर्यंत प्रबंधातील निष्कर्ष पोहोचत नसेल तर संशोधनाचे वर्तुळ अपूर्णच राहते.

निष्कर्ष

परळमध्ये १९५० साली सुरू झालेल्या प्रयत्नाने राज्याला पदविका, पदवी, पदव्युत्तर पदवी आणि कायदेशीर मान्यता असा क्रम दिला. संस्थात्मक दृष्ट्या ही वाटचाल निश्चितच गौरवास्पद आहे. मात्र कमलाबाईंनी परदेशी विद्या येथे आणली, तेव्हा अपेक्षित होते ते तिचे रोपण, निव्वळ आयात नव्हे. पदव्युत्तर विभागांनी मनोरुग्णालये, महापालिका शाळा आणि कोपरीसारख्या वस्त्या यांना प्रशिक्षणाची केंद्रे मानावे, समाजशास्त्र, मराठी व गृहविज्ञान या विभागांशी सहकार्य करून देशी मोजपट्ट्या सिद्ध कराव्यात, ही काळाची गरज आहे. सामान्य महाविद्यालयांतील प्राध्यापकांनाही या कामात वाटा उचलता येईल. कारण माणूस दिवसभर काय करतो आणि ते त्याला का महत्त्वाचे वाटते, हा प्रश्न कोणत्याही एका विद्याशाखेच्या मालकीचा नाही.