फोंताईन्हासच्या भिंती आणि वारसांचे कागद

पणजीच्या आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी, ओरेमच्या खाडीलगत रंगीत घरांची जी दाट वस्ती आहे, तिला फोंताईन्हास म्हणतात. तेथील 'फोंते फेनिक्स' या झऱ्यावरून हे नाव पडले. आंतोनियो जुवांव द सिकेरा हा गृहस्थ मोझांबिकात धन मिळवून परतला आणि त्याने येथे माडांची बागायत केली; म्हणून लोक त्यास 'मोस्मीकार' म्हणत. पुढे जुने गोवे रोगराईने ओसाड पडत गेले, वस्ती इकडे सरकली, १८४३ साली पणजी राजधानी झाली आणि माडांच्या जागी घरे उभी राहिली.

शेजारीच मळा. तेथील मारुतीच्या जत्रेस आपल्यापैकी अनेकजण या बाजूने गेले असतील; घरांकडे मान वर करून पाहणारे थोडे. येथेच सेंट सेबास्त्यांवचे कपेल आहे. त्यातील क्रूस मूळचा जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या वाड्यातला. त्या न्यायासनाची आठवण आपल्या देवस्थानांना सुखाची नाही. तरीही तो क्रूस जपला गेला हे योग्यच झाले असे मी मानतो. पुरावा प्रतिकूल आहे म्हणून तो फाडून टाकणारा वकील कोणत्या कामाचा?

घरे चिऱ्याची, चुन्याच्या गिलाव्याची. पावसाळा सरला की भिंतींना रंग द्यावयाचा, आणि निव्वळ पांढरा रंग चर्चसाठी राखावयाचा, ही जुनी रीत. चिरा पाणी शोषतो, चुना ते बाहेर जाऊ देतो. वरून सिमेंट थापले की ओल आतच कोंडते. हे गवंड्यांना ठाऊक असते, घाईतल्या मालकास नसते.

परंतु माझा अनुभव असा, की ही घरे पावसाने जितकी खचतात त्याहून अधिक कागदाने खचतात. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेने मुलगा आणि मुलगी यांस समान वारसा दिला, पतिपत्नींस सामान्यतः अर्धा अर्धा वाटा दिला. हा न्याय मला मोलाचा वाटतो. त्यात काडीचाही बदल नको. मात्र तीन पिढ्या वाटणी न होता गेल्या म्हणजे एका जिन्याचे वीस धनी होतात. एक लिस्बनला, एक मुंबईस, एकाचा पत्ताच नाही. सर्वांच्या संमतीवाचून संपूर्ण घर विकता येत नाही. एकाने कौले बदलली तर खर्चाचा हिस्सा मागावयाचा कोणाकडे? त्यातून जुन्या कुळाचे भाडे इतके अल्प की त्यात चुन्याचे पोतेही येऊ नये.

यावर उपाय त्याच कायद्यात आहे. 'इन्व्हेंटरी'च्या कामात वारसांतच बोली होते. जो अधिक बोलतो तो अखंड घर घेतो आणि इतरांस त्यांचा वाटा रोखीने देतो. २०१२ च्या गोवा उत्तराधिकार अधिनियमानेही ही पद्धत कायम ठेवली. पण हे काम दाखल करावे कोणी, यावरच भावंडे अडतात. माझ्याकडे अशा एका घराचे कागद आले तेव्हा अकरा वारसांपैकी नऊजणांच्या सह्या होत्या. दहावी मिळावयास दोन पावसाळे गेले. तेवढ्यात मागील खोलीचे छप्पर बसले, आणि अकरावा वारस भेटला तेव्हा त्याने प्रथम विचारले, "घर अजून उभे आहे का?"