नानखटाईतलं तूप, डल्डा आणि सोयाबीन

पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्या माणसाला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आठवते, फार तर संत्री. दिवाळीआधी मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन भट्टीवर नानखटाई भाजून आणायची चाल मात्र कोणी लिहून ठेवत नाही. खरं तर त्या डब्यात काय होतं, यावरच बराच इतिहास उलगडतो.

नानखटाईचं मूळ सुरतेला, डचांच्या वखारीजवळच्या बेकरीत सांगतात. आपल्या घरात ती आली तेव्हा अंडं कोणी घातलं नाही. प्रश्न राहिला तो तुपाचा. घरचं लोणी कढवून साठवलेलं तूप देवापुढच्या निरांजनाला, बाळंतिणीला आणि पाहुण्याच्या पुरणपोळीवर लागे. मग बिस्किटाला कुठून उरणार? १९३७ मध्ये डल्डा बाजारात आला आणि सोय झाली. डल्डा म्हणजे वनस्पती तेल घट्ट केलेलं. दुधाचा त्यात थेंब नाही. म्हणजे डल्ड्याची, दही न घातलेली नानखटाई आजच्या भाषेत चक्क ‘व्हीगन’! हा शब्द तर ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी १९४४ मध्ये काढला. आपल्याकडे मात्र डल्ड्याचं बिस्किट असणं हे हात आखडल्याचं लक्षण समजलं जाई.

त्याही आधीचा पदार्थ म्हणजे आखाडातल्या कापण्या. गुळाच्या पाण्यात कणीक भिजवायची, कडक तेलाचं मोहन, वरून खसखस किंवा तीळ, आणि तेलात तळण. दूध नाही, तूप नाही. माझ्या मते आपलं खरं जुनं कुकी हेच, नानखटाई नव्हे.

दूध वगळण्याचा विचारपूर्वक प्रयोगही आपल्या शेजारीच झाला. गांधीजींनी १९१२ मध्ये गाई-म्हशीचं दूध सोडलं होतं. १९१९ मध्ये आजारपणात शेळीचं दूध घ्यावं लागलं, आणि त्याची टोचणी त्यांना कायम राहिली. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीन खाऊन पाहिलं, इतरांना खायला लावलं आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लिहिलं. तिथंच ग्रामोद्योग संघात तेलघाणीवर काम चाललं होतं. तेव्हा वर्धा आणि पांढुर्णा एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात. १ नोव्हेंबर १९५६ ला मधून राज्याची सीमा गेली. गंमत अशी की पुढं सोयाबीनचं राज्य म्हणून नाव झालं ते मध्यप्रदेशचं! पण ते पीक तेलाच्या गिरणीत गेलं, दिवाळीच्या ताटात फारसं आलं नाही.

आता नातवंडं शहरातून येतात आणि बिनदुधाचं बिस्किट मागतात. डल्ड्याकडे परत जाण्यात अर्थ नाही. घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट तयार होतं, म्हणून २०२२ पासून त्याची मर्यादा कायद्यानं २ टक्क्यांवर आणली आहे. नुसतं शेंगदाणा तेल घातलं तर नानखटाई ट्रेवर पसरते, कारण तूप फेसताना हवा धरतं, पातळ तेल धरत नाही. खोबरेल चोवीस अंशांखाली घट्ट होतं, पण आपल्याकडे दिवाळीत दुपारी ऊन चांगलंच असतं. तेव्हा खोबरेल फ्रीजमध्ये थिजवून साखरेबरोबर फेसावं, मैद्यात थोडं बेसन आणि रवा घालावा, आणि गोळे भट्टीत जाईपर्यंत गारच ठेवावेत. भाजलेल्या जवसाची पूड चमचाभर घातली तर चव आपल्या गावची लागते. खोबऱ्याचा वास मात्र येतो, वेलची कितीही घाला.