येवला

नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गाव व पैठणी विणकामाचे प्रमुख केंद्र. नाशिकच्या पूर्वेस सुमारे ८० किमी. अंतरावर, छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. दौंड–मनमाड लोहमार्गावरील स्थानक. नाशिकहून येताना वाटेत विंचूर लागते. माधवराव पेशव्यांनी येवला दिले ते विंचूरकर सरदार घराण्याचे विठ्ठल शिवदेव यांना.

गाव वसवले रघोजी नाईक यांनी. विणकर आणि व्यापारी बाहेरून आणून त्यांनी येथे रेशमाचा धंदा उभा केला. रेशीम विणण्याचा हक्क मोजक्यांनाच असे. ही मक्तेदारी १८६४ पर्यंत टिकली. नगरपालिका त्याआधीच, १८५८ मध्ये आली होती. पेशवाईत आणि पुढे निजामाच्या हैदराबादेत पैठणीला मोठी मागणी होती. नाव गोदाकाठच्या पैठणचे असले, तरी आज बहुतेक माग येवल्यात व आसपासच्या खेड्यांत आहेत. २०१० मध्ये येवला व पैठण येथील पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले.

येवल्यात किड्यापासून रेशीम काढताना पाहायला मिळेल या समजुतीने येणाऱ्याची निराशा होते. रेशीम मुख्यतः कर्नाटकातून येते, जर सुरतेची. येवल्याचे ते विणकाम. पदरावरचा मोर, मुनिया, कमळ किंवा असावलीची वेल हातमागावर विणताना प्रत्येक रंगाची कांडी वेगळी चालते आणि दोन रंगांच्या सीमेवर धागे एकमेकांत अडकवले जातात. त्यामुळे मागे सुटे धागे लोंबत नाहीत, पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. जेकार्डवर काढलेल्या नक्षीत मात्र मागच्या बाजूला धागे दिसतात. म्हणून पैठणी घेताना आधी पदर उलटून पाहावा. विक्रेत्याचे बोलणे नंतर ऐकावे. साधी नक्षी महिन्याभरात उतरते, भरगच्च पदराला वर्षही लागते. किमतींतली तफावत मुख्यतः या वेळेची असते.

मुख्य रस्त्यावरची दुकाने चकचकीत आहेत, पण पाहण्यासारखे आहे ते गल्ल्यांत. माग घरातच असतो आणि कामात घरची माणसे असतात, तेव्हा विचारून आत जावे. चालू मागाला हात लावू नये.

तात्या टोपे यांचे हे जन्मगाव. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा येथेच केली. ते स्थळ मुक्तिभूमी म्हणून ओळखले जाते आणि पैठणीसाठी आलेल्याने ते चुकवू नये. मनमाडच्या बाजूला अनकाई–टंकाई हे जोडकिल्ले व जैन लेणी आहेत. संक्रांतीला येवल्यात तीन दिवस पतंग उडतात. माग पाहायचे असतील तर हे दिवस टाळावेत, कारण तेव्हा सारे गाव गच्चीवर असते.