पाच इसा नि सतरा

आजीला शंभर म्हणता येत नसे. तिचा हिशेब विसांचा. आंबे असोत की शेणी, वीस झाले की एक इसा, पाच इसा झाले की शंभर. त्यापुढची गणती तिला सहसा लागायची नाही. एकाच ठिकाणी लागायची.

1916 साली ती तेरा वर्षांची होती, नुकती सासरी नांदायला गेलेली. तिचा थोरला भाऊ, दादा, पलटणीत. सातारा जिल्ह्यात यात नवल नव्हतं; एकट्या आपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावली. मुरमाड रान आणि खाणारी तोंडं सात, तेव्हा एकाचा पगार आला तर ज्वारी वर्षभर पुरते, एवढं ते गणित. बादशहावरच्या निष्ठेची भाषा मी पुस्तकांत वाचली, आजीच्या तोंडून कधी ऐकली नाही.

“दादा बसऱ्याला गेला,” एवढंच ती म्हणे. बसऱ्याहून तैग्रिसच्या काठाने वर सरकलेली फौज बगदादच्या अलीकडूनच मागे फिरली आणि कुत-अल-अमाऱ्याला, नदीच्या वळणात, अडकली. डिसेंबर 1915 पासून 147 दिवस तुर्कांचा वेढा. आत मराठ्यांच्या तीन पलटणी: 103, 110 आणि 117. पीठ संपत आलं तेव्हा घोडी कापली. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती मागवली, तरी कित्येक शिपाई शेवटच्या आठवड्यांपर्यंत त्या मांसाला शिवले नाहीत. आजीच्या माहेरी तिथून परतलेला एक म्हातारा होता. तो सांगायचा, भूक सोसवेना, पण गावात तोंड कसं दाखवायचं, याची धास्ती जास्त. 29 एप्रिल 1916 ला फौज शरण गेली. कैद्यांना उन्हातान्हात पायी हाकलत नेलं. दादा वेढ्यात गेला की त्या वाटेवर, हे घरी कुणी कळवलं नाही. नुसता कागद आला.

तो कागद माहेरी आला. आजीला निरोप चार दिवसांनी. सासरी रडायची सोय गोठ्यात, म्हशीच्या आडोशाला. पण भाऊ गेला म्हणजे काय, ते तिला नागपंचमीला कळलं. गल्लीतल्या सासुरवाशिणींना मुराळी येऊन घेऊन गेले. तिच्यासाठी धाकटा भाऊ आला, नऊ वर्षांचा, कुणाच्या तरी गाडीतून, दादाचा पटका बांधून. “पटका डोळ्यांवर येत होता त्याच्या,” सांगताना आजी हसायची. ती गेली नाही. पोराला दूधभाकरी वाढली आणि त्याच गाडीने परत धाडलं. दादाचं सांगून झालं की ती नेहमी याच गोष्टीवर यायची आणि गप्प व्हायची.

बसऱ्याजवळ 1929 मध्ये स्मारक उभं राहिलं, चाळीस हजारांहून अधिक मृतांचं. गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. दगड कमी पडला असेल, असं मला काही वाटत नाही. 1997 मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकुमावरून ते स्मारकही मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्याला नेलं.

लहानपणी मी मुद्दाम विचारायचो, आजी, तुझा दादा कोण? चूल फुंकायची ती थांबायची. आधी त्याचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, आणि शेवटी, “पाच इसा नि सतरावी मराठा.”