आल्फाची कुळकथा

व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावलीवर विद्यार्थी 'हो' किंवा 'नाही'वर खूण करतो. महिन्याभराने तीच प्रश्नावली दिली तर उत्तरं तीच येतील का? एकाच गुणाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतात का? ही पडताळणी म्हणजे विश्वसनीयतेची चाचणी. तिचं कूळ शोधत गेलं की आपण एका फौजी अधिकाऱ्यापाशी पोचतो.

चार्ल्स स्पिअरमन ब्रिटिश सैन्य सोडून लाइपझिगला वुंट यांच्याकडे मानसशास्त्र शिकायला गेले. मोजमापातल्या चुकीमुळे दोन गोष्टींमधला खरा संबंध फिका दिसतो, हे त्यांनी १९०४ साली दाखवलं. मग चूक किती, हे ओळखायचं कसं? १९१० मध्ये स्पिअरमन आणि विल्यम ब्राउन यांनी एकाच नियतकालिकात, पण स्वतंत्रपणे, याचं उत्तर दिलं. विषम क्रमांकाचे प्रश्न एकीकडे, सम क्रमांकाचे दुसरीकडे करायचे आणि दोन्हींचे गुण ताडून पाहायचे. दोन भागांतला सहसंबंध ०.६० असेल, तर पूर्ण प्रश्नावलीची विश्वसनीयता ०.७५ भरते.

अडचण एकच होती. दहा प्रश्नांचे दोन समान भाग १२६ तऱ्हांनी पडतात आणि दर वेळी आकडा बदलतो. १९३७ साली कुडर आणि रिचर्डसन यांनी हो-नाही प्रश्नांपुरती त्यातून वाट काढली. १९५१ मध्ये ली क्रॉनबाख यांनी सर्व दुभागण्यांची सरासरी देणारा गुणांक सर्व प्रकारच्या प्रश्नांसाठी मांडला. पुढे आणखी गुणांक येतील या अपेक्षेने त्यांनी त्याला 'आल्फा' हे पहिलं ग्रीक अक्षर दिलं. गटमन यांनी हेच सूत्र १९४५ मध्येच दिलं होतं. सूत्राला आपलं नाव चिकटल्याचा संकोच क्रॉनबाख यांनी अखेरच्या लेखात नोंदवला आहे. मला तो मोठेपणा वाटतो.

हा आल्फा परक्या भाषेत गेल्यावर काय होतं, ते एका उदाहरणातून पाहू. आयझेंक दांपत्याची व्यक्तिमत्त्व मोजणारी ९० प्रश्नांची प्रश्नावली १९७५ साली लंडनमध्ये तयार झाली. अलेक्झांड्रिया विद्यापीठाचे आणि पुढे कुवेत विद्यापीठात शिकवलेले अहमद अब्देल-खालेक यांनी ती अरबीत आणली. इथे खरी कसोटी लागली. पहिली अडचण भाषेची. प्रश्नावली प्रमाण अरबीत असते. ही भाषा मोरोक्कोपासून कुवेतपर्यंत वाचता येते, पण घरात कुणी तशी बोलत नाही. विद्यार्थ्यांना मात्र ती सहज वाचता येते. अशा चाचण्या विद्यापीठांत इतक्या होण्याचं हे एक कारण.

दुसरी अडचण आशयाची. मूळ प्रश्नावलीत कठोरपणा आणि बेपर्वाई मोजणारे काही प्रश्न आहेत. लग्नसंस्था कालबाह्य झाली, मोडीत काढावी असं वाटतं का, हा त्यातलाच एक. ज्या वर्गात जवळजवळ सगळेच 'नाही' म्हणतील, तिथे हा प्रश्न माणसामाणसांतला फरक दाखवूच शकत नाही. उत्तरांत फरक उरला नाही की आल्फा घसरतो. अनुवाद चोख असला तरी घसरतो. म्हणून तेवढ्यावरून अनुवादकाला दोष देणं चूक आहे.

विश्वसनीयता प्रश्नावलीच्या कागदात नसते; ती विशिष्ट लोकांनी दिलेल्या उत्तरांत असते. लंडनचा आकडा अलेक्झांड्रियाला चालत नाही आणि विद्यार्थ्यांवर मिळालेला आकडा नाईलकाठच्या शेतकऱ्याला लागू पडत नाही. मराठीत परदेशी प्रश्नावली वापरणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: मूळ पुस्तिकेतला आल्फा उतरवून घेऊ नका, आपल्या गटाचा काढा आणि कमी आला तरी तोच छापा.